महाराष्ट्रात घर प्रथमच भाड्याने देताना: किल्ली सर्वांत शेवटी

घर पहिल्यांदाच भाड्याने देणारे मालक ज्या अडचणींत सापडतात, त्यांतील बहुतेक अडचणी क्रम उलटा झाल्याने येतात. भाडेकरू पसंत पडलेला असतो, महिन्याची पहिली तारीख जवळ आलेली असते, सामानाचा टेम्पो ठरलेला असतो. म्हणून किल्ली आधी दिली जाते आणि करारनामा, नोंदणी, पोलिसांना द्यायची माहिती, सोसायटीचे पत्र ही सारी कामे पुढच्या आठवड्यावर ढकलली जातात. एकदा माणूस राहायला आला की त्या कामांची निकड कोणालाच वाटेनाशी होते आणि महिने निघून जातात. म्हणून पुढील पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने पार पाडाव्यात. हे विवेचन महाराष्ट्रातील निवासी घर लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी केवळ वापरण्याची परवानगी म्हणून, देण्यापुरते आहे. दुकान, कार्यालय किंवा पागडीची जागा यांचे नियम वेगळे आहेत.

१. घर देण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी कागदावर पाहा

घर पती-पत्नी दोघांच्या किंवा भावंडांच्या नावावर असेल, तर सर्व सहमालकांची करारावर सही हवी. घर वडिलांच्या नावावर आहे, वडील हयात नाहीत आणि वारसांची नावे अजून लागलेली नाहीत, अशा स्थितीत एकाच मुलाने परस्पर करार केल्यास पुढे इतर वारसांचे आक्षेप येऊ शकतात. आधी वारसांचे एकमत लेखी घ्यावे.

मालक परगावी किंवा परदेशी असेल, तर कुलमुखत्यारपत्र लागते. त्यात 'घराची देखभाल करणे' एवढेच लिहिलेले असेल तर ते पुरत नाही. भाड्याने देण्याचा, करारावर सही करण्याचा आणि तो नोंदवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत असावा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही बाब अनेकांच्या लक्षात राहत नाही.

घरावर कर्ज असल्यास कर्जाचा करार काढून भाड्याने देण्याविषयी त्यात काय अट आहे ती वाचावी. बँकेला कळवायचे असेल तर याच टप्प्यावर कळवावे.

तपासणी: मालकीचा पुरावा (सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश असलेला 'इंडेक्स टू' उतारा, किंवा सोसायटीचे भाग प्रमाणपत्र), मालमत्ता कराची चालू पावती, ताजे वीजबिल, सर्व मालकांचे आधार आणि पॅन. यांतील एक जरी कागद हाती नसेल तर भाडेकरू शोधायला सुरुवात करू नये, कारण माणूस मिळाल्यावर कागद शोधण्यात जाणारा आठवडाच पुढे किल्ली आधी देण्याचे निमित्त होतो.

२. घर राहण्याजोगे करा आणि स्वतःचे सारे बाहेर काढा

रंग देण्याआधी गळती पाहावी. उलट केल्यास रंग वाया जातो. न्हाणीघरातील जाळी बंद करून जमिनीवर पाणी साठवावे, ते एक दिवस तसेच ठेवावे आणि खालच्या घराच्या छतावर ओल येते का ते विचारावे. भाडेकरू राहायला आल्यावर खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तर न्हाणीघर फोडायचे आणि त्याच वेळी त्यातच राहणाऱ्या कुटुंबाची सोय पाहायची, अशी दुहेरी कोंडी होते.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंग चालू आहे का, गीझरच्या जोडणीला योग्य क्षमतेचा एमसीबी (भार वाढताच वीज तोडणारा स्विच) आहे का आणि गळतीप्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवलेला आहे का, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते दाबताच वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ते उपकरण बदलावे. येथे काटकसर करू नये, कारण हा दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

यानंतर स्वतःचे सामान. माळ्यावरची जुनी कागदपत्रे, दागिन्यांच्या पावत्या, शाळेचे दाखले, भावनेने जपलेल्या वस्तू यांपैकी काहीही 'असू द्या एका कोपऱ्यात' म्हणून ठेवू नये. एखादी खोली किंवा कपाट कुलूप लावून स्वतःकडे ठेवायचे असेल तर ते चालते, पण तेवढा भाग करारातून वगळल्याचे लिहावे लागते. बँक, विमा, आयकर आणि गॅस यांच्याकडील पत्ता बदलून घ्यावा. आपली पत्रे दुसऱ्याच्या हाती पडू नयेत याची जबाबदारी आपलीच आहे.

३. भाडे आणि अनामत ठरवा

भाडे जाहिरातींतील आकड्यांवरून ठरवू नये. जाहिरातीतील आकडा मागणीचा असतो, ठरलेला नसतो. आपल्याच इमारतीत गेल्या वर्षभरात झालेल्या करारांत किती भाडे लागले, हे सोसायटीच्या सचिवांना किंवा शेजाऱ्यांना विचारावे.

हिशेब असा करावा. घराला २०,००० रुपये भाडे येत आहे आणि मालक २१,००० वर अडून बसला, तर वर्षभरात त्याला १२,००० रुपये जास्त मिळतील. पण त्या हट्टात घर एक महिना रिकामे राहिले तर २०,००० रुपये गेले. पहिल्यांदा घर देणाऱ्यांना हा हिशेब पटायला वेळ लागतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

हाती किती उरते तेही आताच पाहावे. मालक स्वतः न राहता घर दुसऱ्याला देतो तेव्हा सोसायटी बिनभोगवटा शुल्क आकारते. शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरले जात नाहीत. आयकरासाठी मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडे महिना ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर व्यक्ती असलेल्या भाडेकरूलाही कर कापून भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर २ टक्के आहे. मालक अनिवासी भारतीय असेल तर ही मर्यादा लागू नसते आणि कापायचा करही बराच जास्त असतो, म्हणून ते भाडेकरूला बोलणीच्या वेळीच सांगावे.

४. भाडेकरू निवडा

भाडेकरूला प्रत्यक्ष भेटावे. शक्य असेल तर राहायला येणाऱ्या सर्वांना भेटावे. विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत: किती जण राहणार, काम काय आणि कोठे, आधीचे घर का सोडले, किती काळ राहण्याचा विचार आहे. ओळखपत्र, पॅन, नोकरीचे पत्र किंवा व्यवसायाचा पुरावा पाहावा आणि आधीच्या घरमालकाशी फोनवर बोलावे. त्या मालकाला 'माणूस कसा आहे' असे विचारण्यापेक्षा 'अनामत परत करताना काही कापावे लागले का' असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. जात, धर्म किंवा आहार यांवरून माणूस पारखणे अन्यायाचे आहे, आणि त्यातून भाडे वेळेवर येईल की नाही याबद्दल काहीही कळत नाही.

सावधान: जाहिरात टाकताच एखादा फोन येतो, बोलणारा स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवतो, बदली झाली आहे सांगतो, घर न पाहताच पसंत करतो आणि अनामत पाठवण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला लावतो. ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असे घडलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बयाणा घेतल्यास त्याची पावती द्यावी आणि करार झाला नाही तर तो परत मिळणार की नाही, हे पावतीवरच लिहावे.

५. मसुदा स्वतः वाचा

एजंट किंवा टंकलेखक जो तयार मसुदा देतो, तो कोणाच्या तरी जुन्या करारावरून उतरवलेला असतो. त्यात दुसऱ्याच घराचा सर्व्हे क्रमांक, निराळी मुदत किंवा परस्परविरोधी अटी राहून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. सही करण्याच्या किमान दोन दिवस आधी मसुदा मागवावा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

शीर्षक आणि भाषा 'लिव्ह अँड लायसन्स' अशीच असावी. या करारात घर वापरण्याची केवळ परवानगी दिली जाते आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. भाडेपट्ट्यात मात्र जागेत हक्क निर्माण होतो. हा फरक पुढे घर परत मिळवताना फार महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर निवासी परवानाधारकाने, म्हणजे या करारावर राहणाऱ्या भाडेकरूने, घर सोडलेच पाहिजे. न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि घर सोडेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या (भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई देणे परवानाधारकावर बंधनकारक होते. लेखी करारात जे नमूद आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच प्रत्येक ओळ वाचायची.

पुढील गोष्टी मसुद्यात आहेत का, हे एकेक करून पाहावे:

- सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, अंकांत आणि अक्षरांत. मुदत ६० महिन्यांपेक्षा जास्त नको.
- भाडे, ते भरण्याची तारीख, कोणत्या खात्यात भरायचे, आणि दुसऱ्या वर्षी वाढ असेल तर वाढलेला आकडा. केवळ टक्का लिहिल्यास पुढे हिशेबावरून वाद होतात.
- अनामत किती, केव्हा मिळाली, कोणत्या कारणांसाठी कापता येईल आणि परत केव्हा द्यायची.
- सोसायटीचे मासिक देखभाल शुल्क, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट यांपैकी काय कोणी भरायचे.
- दोन्ही बाजूंसाठी सूचनेचा काळ. काही महिने घर सोडता येणार नाही अशी अट असेल, तर ती मालकालाही लागू आहे की नाही.
- दुरुस्ती. रोजच्या वापरातील किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि नळवाहिनी, गळती, मूळ वायरिंग यांची मालकाची, अशी सीमा रकमेसह आखावी.
- राहणाऱ्या सर्वांची नावे. इतर कोणालाही घर वापरायला देण्यास मनाई.
- मालकाने पाहणीसाठी येण्याआधी किती तासांची सूचना द्यायची. घर आपले असले तरी न सांगता दार वाजवणे योग्य नाही. तेथे आता दुसऱ्याचा संसार आहे.

सावधान: 'मुदत संपल्यावर करार आपोआप वाढेल' अशी ओळ दिसली तर ती काढून टाकावी. वाढीव काळासाठी नवा करार आणि नवी नोंदणी हवी.

६. मुद्रांक शुल्क भरा आणि करार नोंदवा

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, आणि त्यांतील सर्वांत रुजलेली चूक ही: 'करार ११ महिन्यांचा आहे, म्हणून नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरे.' एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यांना देशाच्या नोंदणी कायद्यात सक्ती नाही, त्यावरून ही समजूत पसरली. महाराष्ट्रात ती लागू पडत नाही. राज्याच्या १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, मग मुदत ११ महिने असो वा ११ दिवस. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, भाडेकरूवर नाही. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहूनही गंभीर परिणाम पुढे आहे: वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, कोणत्या अटींवर घर दिले होते याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरले जाते. तुमचा नोटरी केलेला कागद तेव्हा कपाटातच राहतो.

खर्च फार नाही, आणि तो आधी मोजता येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते एकूण भाडे, परत न करायची रक्कम असल्यास ती, आणि परत करायच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज, यांच्या बेरजेवर लागते. समजा भाडे २०,००० रुपये, मुदत १२ महिने आणि अनामत ६०,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे २,४०,०००, अनामतीवरील व्याज ६,०००, बेरीज २,४६,००० आणि त्यावर ०.२५ टक्के म्हणजे ६१५ रुपये. भरायचा अंतिम आकडा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील गणनेनुसार घ्यावा. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये असते. दस्त हाताळणीचे शुल्क वेगळे. हा खर्च कोणी करायचा ते आपसांत ठरवावे. निम्मा-निम्मा वाटून घेणे मला न्याय्य वाटते.

नोंदणी दोन मार्गांनी होते. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही पक्ष साक्षीदारांसह जाऊ शकतात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त तेथे सादर करावा लागतो. दुसरा मार्ग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेचा. त्यात माहिती संगणकावर भरली जाते, चलन ऑनलाइन भरले जाते आणि दोन्ही पक्षांची ओळख आधारशी जोडलेल्या बोटांच्या ठशांनी पटवली जाते. अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येणारे सेवा पुरवठादार आहेत. वयोवृद्ध मालकांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही नेहमीची अडचण. त्यासाठी दिवस राखून ठेवावा आणि ठशाची चाचणी आधी करून घ्यावी.

ठसे दिले म्हणजे नोंदणी झाली, असे नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, त्रुटी असल्यास परत येतो आणि मंजूर झाल्यावरच त्याला क्रमांक मिळतो. हा फरक न कळल्याने अनेक जण त्याच संध्याकाळी किल्ली देऊन मोकळे होतात.

तपासणी: दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि सूची क्रमांक दोन हाती आली का? नावांचे अक्षरलेखन, सदनिका क्रमांक, मुदत आणि रकमा बरोबर आहेत का? चूक असल्यास दुरुस्ती आताच करावी.

७. पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे मालकाचे काम आहे. शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशांनी ते बंधनकारक केले जाते आणि आदेश मोडल्यास गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ही माहिती भरता येते. पोच जपून ठेवावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याच्या आगमनापासून २४ तासांत परदेशी व्यक्तीच्या निवासाची माहिती देणारा नमुना वेगळा भरावा लागतो.

सोसायटीला लेखी सूचना, नोंदणीकृत कराराची प्रत आणि पोलिसांची पोच द्यावी. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) घर लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीच्या पूर्वपरवानगीची गरज नाही, सूचना पुरते. तरी आपल्या सोसायटीचे उपविधी एकदा वाचून घ्यावेत. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नये.

८. ताबा द्या

अनामत आणि पहिले भाडे खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या नोंदीत पाहावे. मोबाइलवर दाखवलेले चित्र पुरावा नव्हे.

नंतर दोघांनी मिळून घरातून फिरावे. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, खिडक्या आणि नळ यांची छायाचित्रे काढावीत. आधीच असलेला प्रत्येक चरा, तडा आणि डाग जवळून टिपावा. मालकांना स्वतःच्या घरातील दोष टिपायला संकोच वाटतो, पण तोच दोष दोन वर्षांनी भाडेकरूच्या माथी मारला जाऊ नये, हा साधा न्याय आहे. पंखे, गीझर, वातानुकूलन यंत्र, किल्ल्यांची संख्या, सोसायटीची प्रवेशपत्रे यांची यादी करावी. यंत्रांचे अनुक्रमांक लिहावेत. यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि छायाचित्रे त्याच दिवशी एकमेकांना ईमेलने पाठवावीत, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

वीजमीटरचे छायाचित्र काढावे, त्यात आकडा आणि मीटर क्रमांक दोन्ही दिसावेत. मी पहिल्या वेळी हे केले नव्हते. पहिले बिल आले तेव्हा त्यातील किती युनिट कोणाचे, हे ठरवायला आमच्याकडे काहीच नव्हते, आणि चांगल्या माणसाशी उगाच कटुता आली. वीजजोडणी मालकाच्याच नावावर ठेवावी आणि ग्राहक क्रमांकावरून दर महिन्याला बिल भरल्याची खात्री करावी.

किल्ली आता द्यावी.

९. मुदत चालू असताना

भाडे प्रत्येक महिन्याला बँकेतूनच घ्यावे. एखादा महिना उशीर झाला तर फोन करावा, पण त्यानंतर दोन ओळींचा ईमेलही पाठवावा. दुरुस्तीची तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्यावे, काम दोन दिवसांनी झाले तरी चालेल. वाद कितीही विकोपाला गेला तरी कुलूप बदलणे, वीज किंवा पाणी तोडणे असे मार्ग घेऊ नयेत. ते बेकायदा आहेत आणि त्यातून मालकाची भक्कम बाजू कमजोर होते.

१०. मुदत संपताना

संपण्याच्या तारखेच्या दोन महिने आधी दिनदर्शिकेत खूण करावी आणि भाडेकरूला लेखी विचारावे: राहायचे आहे की सोडायचे? राहायचे असेल तर पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी, म्हणजे नवा मसुदा, नवे शुल्क, नवी नोंदणी, पोलीस आणि सोसायटीला नवी प्रत. जुनी मुदत संपून नवा करार न होता भाडे घेत राहणे, ही पहिल्या वर्षानंतरची सर्वांत मोठी चूक.

सोडायचे असेल तर ताबा घेताना हातात जुनी यादी आणि छायाचित्रे असावीत. भिंतीचा रंग थोडा फिका पडणे किंवा फरशीची चमक जाणे ही राहण्याने होणारी झीज आहे, नुकसान नव्हे. त्यासाठी अनामत कापू नये. तुटलेले बेसिन किंवा हरवलेली किल्ली यांचा खर्च कापता येतो, पण पावतीसह. मीटरचा अंतिम आकडा टिपावा, त्या दिवसापर्यंतचे बिल वळते करावे, उरलेली अनामत ताबा मिळताच खात्यात परत करावी आणि 'ताबा मिळाला, हिशेब पूर्ण झाला' अशी दोघांच्या सह्यांची पावती करावी. घर रिकामे झाल्याचे सोसायटीला त्याच आठवड्यात लेखी कळवावे, म्हणजे पुढच्या महिन्यापासून बिनभोगवटा शुल्काची आकारणी थांबवण्याची मागणी करता येते.